लेकराच्या जिभेवरचा पांढरा चट्टा

आपल्या माण-आटपाडीकडे "त्यांना टाटाला नेलंय" असं कुणी सांगितलं, की पुढचं कुणी विचारत नाही. ऐकणारी बाई नुसतं "आगं बाई" म्हणते आणि गप्प होते. म्हसवडहून परळ लांब, पण त्या दवाखान्याचं नाव आपल्या वाड्यावस्त्यांवर केव्हाच येऊन बसलंय.

आजची गोष्ट तोंडाच्या कॅन्सरची आहे, पण तंबाखू खाणाऱ्या बाप्यांची नाही. ज्यांनी मिश्रीला बोट लावलं नाही, विडी ओढली नाही, अशा लेकरांच्या आणि कोवळ्या पोरापोरींच्या तोंडात कधी कधी कॅन्सर होतो, त्याची आहे. फार विरळा असतो हा प्रकार. पण ज्या घरात होतो त्या घराला तो "विरळा आहे" असं सांगून काही समाधान मिळत नाही. आणि तो का होतो हे शोधताना माणसं जिथवर पोचली, तिथं आपल्या सोयरिकींचा, मामाच्या पोरीशी लग्न लावण्याच्या चालीचाही विषय निघतो. म्हणून तो आपण बायकांनी ऐकावा असा आहे. सोयरिकी जमवण्यात आपलाच हात पुढं असतो.

सुरुवात परळपासूनच करू. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टनं पुढं कॅन्सरसाठी दवाखाना बांधायला घेतला आणि २८ फेब्रुवारी १९४१ ला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. रोग्याच्या शरीरातला तुकडा दुर्बिणीखाली बघून रोग ओळखायचा, हे त्यांचं काम. पण नुसता तुकडा बघून या गृहस्थांचं समाधान होत नसे. हा माणूस कुठला, कुठल्या समाजाचा, काय खातो, काय ओढतो, याची ते विचारपूस ठेवत. १९४४ साली त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या लागोपाठ आलेल्या १००० रोग्यांचा आढावा छापला. त्या काळात एकाच दवाखान्यात एवढी माणसं एकाच रोगाची, हीच केवढी मोठी बातमी होती.

पुढं १९५५ साली खानोलकर, एल. डी. संघवी आणि त्यांचे आणखी एक सहकारी यांनी इंग्लंडच्या वैद्यकीय मासिकात लेख लिहिला. तंबाखू चघळणाऱ्यांना तोंडात, आणि विडी ओढणाऱ्यांना जिभेच्या मुळाशी, घशाकडच्या बाजूला कॅन्सर जास्त होतो, असं त्यांनी आकड्यांनी मांडलं. हे संघवी डॉक्टरकीपेक्षा हिशेबाचे माणूस. त्यांचं नाव लक्षात ठेवा, थोड्या वेळानं पुन्हा येणार आहे.

मिश्रीचा नंबर लागायला आणखी थोडी वर्षं गेली. फली मेहता नावाचे दातांचे डॉक्टर आणि त्यांची मंडळी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून घरोघर फिरली, माणसांना तोंड उघडायला लावलं, बॅटरी मारून आत बघितलं. १९७२ मध्ये त्यांनी १,०१,७६१ गावकऱ्यांच्या तोंडांचा अहवाल छापला. आपल्या बायकांची मिश्री या मोजदादीत आली. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी चूल पेटायच्या आधी दातांना लावायची. ही आपल्याला सवय वाटतच नव्हती, दात घासणं वाटत होतं. आणि १९८७ पासून सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला खेड्यातल्या कॅन्सरची नोंदवही सुरू झाली, देशातली अशी पहिली. बार्शी आपल्याला मुंबईसारखी परकी नाही. तिथली बाई आणि म्हसवडची बाई एकाच जातीची भाकरी थापते, एकाच जातीचा दुष्काळ बघते.

इथपर्यंतचा हिशेब सरळ आहे. तंबाखू घातली, रोग झाला. वीस-तीस वर्षं रोज घातली, मग चाळिशी-पन्नाशीत तोंडात फोड आली, जबडा उघडेना. मग पंधरा-वीस वर्षांच्या, निर्व्यसनी पोरीच्या जिभेवर तेच का यावं?

याचं उत्तर तोंडाकडे बघून सापडलं नाही. ते रक्ताकडे बघून सापडलं, आणि तेही मुंबईपासून फार लांब.

स्वित्झर्लंडमध्ये झुरिक शहरात गिडो फॅन्कोनी नावाचे लहान मुलांचे डॉक्टर होते. १९२७ साली त्यांनी एका घरातल्या तीन भावांची हकीकत लिहिली. पाच ते सात वर्षांची ही मुलं. अंगात रक्त राहत नव्हतं, पांढरी पडत चालली होती. एकापाठोपाठ एक तिघंही गेली. एकाच घरात तीन म्हणजे हा काही बाहेरून लागलेला आजार नाही, रक्तातून आलेला आहे, हे फॅन्कोनींनी ओळखलं. पुढं या आजाराला त्यांचंच नाव पडलं, फॅन्कोनी ॲनिमिया. ॲनिमिया म्हणजे आपल्याला गोळ्या देतात ती रक्त कमी असण्याची तक्रार, पण हा त्यातला नव्हे. लोहाच्या गोळ्या, गूळ-शेंगदाणे, पालेभाजी यानं तो बरा होत नाही. हाडांतल्या मगजातच रक्त तयार व्हायचं बंद होतं.

अशी पुष्कळ मुलं जन्मतःच काही खुणा घेऊन येतात. हाताचा अंगठा नसतो, किंवा लहान, लटका असतो, किंवा जादा अंगठा असतो. अंगावर दुधाच्या चहासारख्या रंगाचे डाग असतात. वयाच्या मानानं मूल ठेंगणं राहतं, डोकं लहान राहतं. कुणाची किडनी जागेवर नसते. पण काही मुलांना यातलं काहीच नसतं. ती चांगली खेळत-बागडत असतात आणि पाच-दहा वर्षांची झाल्यावर रक्त उतरायला लागतं. अंगावर नुसता हात लागला तरी काळंनिळं होतं, नाकातून रक्त येतं, ताप हटत नाही.

हे का होतं, ते १९६४ साली थोडं उजेडात आलं. जर्मनीत ट्राउट श्रोडर या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांच्या रक्तपेशी दुर्बिणीखाली पाहिल्या, तर आतली रंगसूत्रं जागोजागी तुटलेली दिसली.

हे मी आपल्या भाषेत सांगते. आपल्याकडे सणगराच्या मागावर घोंगडी विणताना बघितली असेल. धागा तुटतोच. दिवसातून कितीदा तरी तुटतो. विणकर थांबतो, दोन टोकं शोधतो, जोडतो, पुढं विणायला लागतो. कधी खळीनं शेजारचे दोन धागे एकमेकांना चिकटतात. ते सोडवून घ्यावे लागतात, नाहीतर माग पुढं चालत नाही. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत असाच दोन धाग्यांचा पीळ असतो. तो रोज कुठं तुटतो, कुठं चिकटतो, आणि पेशी तो रोज दुरुस्त करते. फॅन्कोनीच्या मुलांत चिकटलेले धागे सोडवणारी माणसंच मागावर नसतात. मग पेशी ते ओढून तोडते, वेडंवाकडं जोडते, आणि चुकीची वीण पुढं चालू राहते. मगजातली वीण बिघडली की रक्त संपतं. तोंडातली बिघडली की कॅन्सर.

धागे चिकटवणारी खळ कुठून येते? थोडी तर शरीरातच तयार होते, आपण नुसतं जेवलो-खाल्लो तरी. म्हणून या मुलांना तंबाखू न लावताही कॅन्सर होतो. पण विडीच्या धुरात आणि दारूपासून शरीरात जे तयार होतं त्यात ती जास्त असते. म्हणजे बाकीच्या माणसाला तंबाखू वीस वर्षांत जे करते, त्याला या मुलांच्या तोंडात तेवढा वेळ लागत नाही. त्यांच्या घरात कुणी विडी ओढली, मिश्री भाजताना घरभर ठसका उठला, तर तो धूर त्यांना आपल्यापेक्षा महाग पडतो.

आता आजार रक्तातून कसा उतरतो ते बघू, कारण इथं आपल्या चालीरीती येतात.

प्रत्येक माणसाला शरीराच्या प्रत्येक कामाची आज्ञा दोन प्रतींत मिळते, एक आईकडून, एक बापाकडून. एक प्रत खराब असली तरी दुसरीवर काम भागतं. असा माणूस पूर्ण धडधाकट असतो, त्याला कधी कळतही नाही. पण आई-बाप दोघांकडे तीच खराब प्रत असली, तर दर बाळंतपणात चारांत एक अशी शक्यता असते की बाळाला दोन्ही खराब प्रती मिळतील. दर बाळंतपणात, बरं का. पहिलं आजारी झालं म्हणून पुढची तीन चांगली होणार असं नाही. फॅन्कोनींच्या त्या घरात तिघंही आजारी निघाले.

अशी खराब प्रत दोघांकडे असण्याची शक्यता कधी वाढते? दोघांचे आजी-आजोबा एकच असले की. आपल्याकडे आत्याबाईच सासूबाई होते. भावाची पोरगी सून म्हणून घरात आणायची, म्हणजे माहेरचा धागा तुटत नाही, जमीन-जुमला लांब जात नाही, पोरीला सासरी परकं वाटत नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नात्यागोत्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी दाखवलं की उत्तरेत असं लग्न चालत नाही, दक्षिणेत सर्रास चालतं, आणि महाराष्ट्र मधोमध आहे. इथं मामाची मुलगी चालते, आत्याची मुलगी सहसा करत नाहीत. जनुकांना मात्र मामा-आत्या हा भेद कळत नाही, दोन्हीकडे आजी-आजोबा तेच. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानंही भावा-बहिणीच्या मुलांचं लग्न मनाईच्या नात्यात धरलं, पण जिथं तशी रूढी आहे तिथं चालू दिलं.

आणि इथं ते संघवी परत येतात. ज्या संघवींनी १९५५ साली तंबाखू आणि तोंडाच्या कॅन्सरचा हिशेब मांडला, त्याच संघवींनी दोन सहकाऱ्यांबरोबर १९५६ साली मुंबईतल्या बारा समाजगटांत रक्ताच्या नात्यातली लग्नं किती होतात याची मोजदाद छापली. एकाच माणसाच्या हातून वर्षभराच्या अंतरानं दोन मोजण्या झाल्या. एक तंबाखूची, एक सोयरिकींची. त्या वेळी या दोन्हींचा एकमेकींशी संबंध लागण्यासारखा नव्हता. फॅन्कोनीची मुलं तेव्हा रक्त संपूनच जात होती, तोंडाचा कॅन्सर होण्याइतकी जगत कुठं होती? पण मला राहून राहून वाटतं, या रोगाच्या दोन्ही वाटा ज्याला दिसाव्यात असा माणूस आपल्या मुंबईत सत्तर वर्षांपूर्वी बसला होता.

अशी लपलेली प्रत म्हणजे काय, याचं आपल्या घरचं उदाहरण हवं असेल तर मुंबईच्याच नावाचं आहे. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवाच रक्तगट जगासमोर आणला. ए, बी, ओ, कुठल्याच बाटलीतलं रक्त या माणसांना चालत नाही, ओ सुद्धा नाही. त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. तो महाराष्ट्र-कर्नाटकाकडे जगात इतर ठिकाणांपेक्षा जास्त आढळतो. त्यात आजार काही नाही, रक्त द्यायची वेळ आली तरच पंचाईत. पण तो उतरतो असाच, आईकडून एक आणि बापाकडून एक प्रत मिळून. म्हणून असा एक माणूस सापडला की आधी त्याच्या सख्ख्या भावंडांना शोधतात. १९५७ साली मुंबईत रक्तगटांसाठी जे केंद्र निघालं, तेच पुढं राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था झालं. ती केईएम हॉस्पिटलच्या आवारात आहे. आणि फॅन्कोनीच्या मुलांवर आज तिथंच काम चालतं.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर उद्या कुणाच्या तरी दारात जाऊन बायका म्हणतील, "मामाच्या पोरीशी केलंत ना, भोगा आता." सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात बहुतेक मुलं चांगली धडधाकट निपजतात. जन्मतः मोठा दोष कुठल्याही शंभर बाळांत दोन-तीनांना असतो. अशा लग्नांत तो आकडा साधारण दुप्पट होतो, म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव-पंचाण्णव बाळं तरीही नीट असतात. आणि नातं नसलेल्या घरातही हा आजार येतो. अमेरिकेत ऑरेगन राज्यात डेव्हिड आणि लिन फ्रोनमेयर हे जोडपं होतं. नवरा त्या राज्याचा मोठा सरकारी वकील, पुढं विद्यापीठाचा प्रमुख. त्यांच्या तिन्ही मुलींना फॅन्कोनी होता. एक १९९१ मध्ये गेली, दुसरी १९९७ मध्ये, तिसरी २०१६ मध्ये. पहिल्या मुलीचा जीव असतानाच, १९८९ साली, या आई-बापांनी संशोधनासाठी निधी उभा केला. आज जगभरचे डॉक्टर त्याच्याच आधारानं एकत्र बसतात.

आपल्या देशातलं चित्र २०२० मध्ये आणखी साफ झालं. मुंबईच्या त्याच संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून दाखवलं की भारतातल्या पुष्कळ फॅन्कोनी मुलांत एकच ठरावीक बिघाड आहे. खूप पिढ्यांपूर्वीच्या कुणा एका पूर्वजाकडून तो पसरत आलेला. म्हणजे सख्खं नातं नसलं तरी एकाच जातीत, त्याच-त्याच गावांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी झाल्या की तीच प्रत दोन्हीकडून येऊ शकते. यात सुनेचा पाय पांढरा नसतो आणि सासूची करणीही नसते. प्रत दोघांकडून येते, अर्धी बापाकडून. आपल्याकडे आजारी मूल झालं की पहिली नजर आईकडे वळते म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

मग ही मुलं तोंडाच्या कॅन्सरपर्यंत जगायला कधी लागली? तीही एक बहीण-भावाची गोष्ट आहे.

१९८० च्या दशकात पॅरिसच्या सेंट लुई हॉस्पिटलात एलियान ग्लुकमन या डॉक्टरबाई मगज बदलण्याचं काम करत होत्या. चांगल्या माणसाच्या हाडातला मगज आजारी मुलाला द्यायचा, पण त्याआधी मुलाचा जुना मगज औषधांनी मारावा लागतो. इतरांना जो डोस चालतो तो फॅन्कोनीच्या मुलांना मारूनच टाकत होता, कारण त्यांची वीण आधीच कच्ची. ग्लुकमनबाईंनी डोस पुष्कळ कमी केला आणि मुलं वाचायला लागली. ऑक्टोबर १९८८ मध्ये अमेरिकेतला एक पाच वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे आला. त्याच्या आईला दिवस गेले होते. पोटातल्या बाळाला हा आजार नाही आणि त्याचा मगज भावाला जुळतो, हे आधीच तपासलं होतं. मुलगी झाली. तिच्या नाळेतलं रक्त काढून गोठवून पॅरिसला नेलं आणि भावाला दिलं. आपण जी नाळ खड्डा खणून पुरतो, त्या नाळेतल्या रक्तानं माणूस वाचवण्याची ही जगातली पहिली वेळ. तो मुलगा मोठा झाला.

भाऊ-बहीण जुळतात ही चांगली गोष्ट, पण एक धोकाही त्यातच आहे. वरून निरोगी दिसणाऱ्या बहिणीलाही तोच आजार असू शकतो, नुसता अजून दिसलेला नसतो. म्हणून देणाऱ्या भावंडाचीही आधी तीच तपासणी करतात. रक्तात एक रसायन घालून रंगसूत्रं किती तुटतात ते बघायची ही तपासणी. न्यूयॉर्कच्या आर्लीन ऑरबाख यांनी ती १९७० च्या दशकात बसवली. त्यांनीच १९८२ पासून या रोग्यांची जगभरची नोंदवही ठेवली.

आणि त्या नोंदवहीत दिसलं ते वाईट होतं. मुलं रक्ताच्या आजारातून वाचत होती आणि तोंडात अडकत होती. २००३ साली या वहीतल्या ७५४ जणांचा हिशेब छापला. त्यात १९ जणांना तोंडा-घशाचा कॅन्सर झालेला, बहुतेकांना तोंडाच्या आत. वयाच्या चाळिशीपर्यंत शंभरात साधारण चौदा जणांना तो होतो असा अंदाज निघाला, इतर माणसांच्या मानानं शेकडो पट. त्यातल्या बहुतेकांना तंबाखू-दारूची सवय नव्हती. ज्यांचा मगज बदललेला आहे त्यांना तर तो आणखी लवकर होतो, कुणाला विशीच्या आतच. मुलींना याशिवाय खालच्या अंगाचा, गर्भाशयाच्या तोंडाचाही धोका जास्त असतो.

फॅन्कोनीशिवाय आणखी दोन वंशाचे आजार असेच आहेत. एकात जिभेवर पांढरा जाड चट्टा येतो, नखं वाळून चिरतात, मानेवर जाळीसारखा काळपटपणा येतो. तो पुष्कळदा आईकडून मुलाला उतरतो, आईला स्वतःला फारसं काही न होता. दुसरा उन्हाचा. त्यात लहानपणीच चेहऱ्यावर, हातांवर काळे ठिपके पडतात, डोळ्यांना ऊन सोसत नाही. व्हिएन्नातल्या कापोसी नावाच्या डॉक्टरांनी तो दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवला. आणि १९६८ साली अमेरिकेत जेम्स क्लीव्हर यांनी शोधलं की या मुलांच्या पेशी उन्हानं झालेली मोडतोड दुरुस्त करू शकत नाहीत. या मुलांना कातडीचा कॅन्सर तर होतोच, पण जिभेच्या शेंड्यावरही होतो. जीभ बाहेर काढली की तिच्या टोकाला तेवढंच ऊन लागतं ना! आपल्या माणदेशात चैत्रापासून जे ऊन पडतं, त्यात असं मूल मेंढरांमागं पाठवणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. अशा मुलांची शाळा, खेळणं सगळं उन्हापासून झाकून करावं लागतं.

आता यातलं आपल्या कामाचं काय. तोंडात जखम झाली की आपण म्हणतो "तोंड आलंय, उष्णता झालीय", आणि तूप-जिरं लावतो. तसं करायला हरकत नाही, बहुतेक तोंडं आठवड्यात बरी होतात. पण दोन-तीन आठवड्यांनंतरही न भरणारी जखम, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, जिभेच्या कडेला लागलेली गाठ, ही कुणाच्याही तोंडात असली तरी डॉक्टरांना दाखवायची. मूल लहान आहे म्हणून कॅन्सर नसेल असं धरून चालायचं नाही. वंशाचा आजार असलेल्या मुलाच्या बाबतीत तर दोन आठवडेही थांबायचं नाही. त्याचं तोंड दर सहा महिन्यांनी दातांच्या डॉक्टरकडून तपासून घ्यायचं, साधारण दहाव्या वर्षापासून. आणि घरी रविवारी न्हाऊ घालताना उजेडात जीभ, गालाची आतली बाजू, हिरड्या बघायच्या. तुकडा काढू म्हणाले तर भिऊ नका. "तुकडा काढला की रोग पसरतो" असं आपल्याकडे सगळ्याच म्हणतात, पण ते खरं नाही. या मुलांना तर लवकर कळणं हाच खरा उपाय आहे. इतर रोग्यांना शेक आणि कॅन्सरची औषधं देतात, ती यांच्या अंगाला फार भारी पडतात. चट्टा लहान असताना कापून काढणं, हेच त्यातल्या त्यात सोसणारं.

अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासतं. त्या दिवशी "माझ्या पोराचा अंगठा जन्मापासून असाच आहे" म्हणून मूल मागं लपवू नका. अंगठा, उंची, अंगावरचे डाग आणि घटत चाललेलं रक्त, या गोष्टी एकत्र दिसल्या की डॉक्टरांच्या मनात शंका यायला हवी. शंका आली तर पुढं केईएमपर्यंतची वाट आहे. २०२१ च्या दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात फॅन्कोनी ॲनिमिया पहिल्या गटात आहे, मगज बदलून उपाय होऊ शकणाऱ्या आजारांच्या. केईएम हे त्यातलं एक केंद्र आहे, आणि २०२२ पासून अशा केंद्रांतून एका रोग्यामागं ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. अर्ज केंद्रामार्फतच होतो. ज्यांच्या घरात असं एक मूल आहे त्यांनी पुढच्या बाळंतपणाआधी, आणि घरातल्या इतर भावंडांच्या, चुलत-मावस भावंडांच्या सोयरिकी ठरवण्याआधी तिथं जाऊन विचारावं. कुठला बिघाड आहे ते एकदा कळलं की बाकीच्यांचं रक्त तपासून सांगता येतं, कुणाकडे ती प्रत आहे आणि कुणाकडे नाही.

आणि अशा मुलाची एक फाईल करा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद कोंबून नव्हे, नीट फाईल. तिच्या पहिल्याच पानावर आजाराचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, डॉक्टरांकडूनच. गावातल्या दवाखान्यात ताप दाखवायला गेलात, दातांकडे गेलात, कुणी एक्स-रे काढायला सांगितला, तरी आधी ते पान पुढं करायचं. गरज नसलेला एक्स-रेसुद्धा या मुलांना टाळलेला बरा, आणि समोरच्या डॉक्टरनं आयुष्यात असं मूल कदाचित एकदाही पाहिलेलं नसतं.